औषध चालू आहे म्हणून नाटकात घ्यायचं नाही?

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय घरचा आहे. भावाला विचारलं, तो म्हणाला, "गावाचं नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही."

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नाही, "त्याचं ते" एवढंच म्हणतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पहिल्यांदा झालं. झोपच गेली. रात्रभर वहीत हॉटेलचे नकाशे काढायचा, पहाटे बागेत जाऊन पाटाचं पाणी सोडायचा, बोलायला लागला की दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचा नाही. ओळखीच्या लोकांकडून धंद्यासाठी म्हणून पैसे उचलले. सुरुवातीला तर शेजारीपाजारी म्हणत होते, पोरगं भारी हुशार निघालं. मग तोच मुलगा अंथरुणातून उठेनासा झाला. आंघोळ नाही, जेवण नाही, आई समोर बसून रडतेय तरी भिंतीकडे तोंड. देवळात प्रसाद लावला. घाड्याने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, देवचाराचं (राखणदार भुताचं) नाव सांगितलं, नारळ झाले, कोंबडा झाला. शेवटी मामाने गाडी काढली आणि त्याला बांबोळीला, मानसोपचार हॉस्पिटलात नेलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लिथियम हे औषध चालू आहे, ठरावीक मुदतीने रक्त तपासून घेतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, हप्ते फेडून स्वतःची मोटरसायकल घेतली. गावात भेटणारा माणूस मात्र अजून मलाच विचारतो, "बरो आसा मू तो आतां?" तो बाजूला उभा असताना.

आता मुद्दा. आमच्या जत्रेला रात्री गावच्याच मुलांचं नाटक होतं. भाऊ लहानपणापासून त्यात आहे, आवाज चांगला, पाठांतर पक्कं. यंदा त्याला मोठी भूमिका मिळाली होती, देवळाच्या मंडपात तालमी सुरूही झाल्या होत्या. एका संध्याकाळी समितीचे दोघे आमच्या पडवीत येऊन बसले. चहा झाला. मग म्हणाले, "त्याला ताण नको. आम्ही त्याच्या भल्याचंच सांगतो. सगळे महाजन येतात, मुंबईहून माणसं येतात. भर स्टेजवर काही झालं तर?" भूमिका दुसऱ्याला देऊन ते मोकळे.

भाऊ तेव्हा आतल्या खोलीतच होता. ते बाबांशी बोलले, माझ्याशी बोलले. त्याला कोणी हाकसुद्धा मारली नाही.

आणि ज्या नाटकातून त्याला काढलं त्याच नाटकात एक वेड्याचं पात्र आहे. फाटका कोट, केस पिंजारलेले, डोळे फिरवायचे, उगाच हसायचं. तालमीत ते आलं की मंडपात बसलेली पोरं लोळतात. हे पात्र आपल्या जत्रेच्या नाटकांत मी लहानपणापासून बघते आहे. लेखक कुठलाही असो, एक दारुडा आणि एक वेडा ठेवायचाच, टाळ्या तिथे हुकमी. आमची सगळी पिढी मानसिक आजार म्हणजे काय ते या कोटावरून शिकली.

मला समितीशी भांडायचं आहे असं नाही, पण गप्पही बसवत नाही. तुमच्यापैकी कोणी अशा वेळी काय केलं?

---

म्हापशेकर

वाचून वाईट वाटलं. समितीत जाऊन सरळ विचारा, लेखी कारण द्या म्हणावं. भल्यासाठी म्हणून जे करतात ते कागदावर उतरवायला कोणी तयार होत नाही.

---

बकुळ

कुळागर, आधी भावाचं कौतुक सांग. हा आजार इतकी वर्षं ताब्यात ठेवणं सोपं नसतं. आम्ही सिस्टर लोक औषध देतो, पण रोज ते तोंडात घालायचं काम पेशंटचंच.

मी मानसोपचार विभागात नोकरी केली, पणजीला आल्तिनोवर हॉस्पिटल होतं तेव्हापासून. पुढे ते बांबोळीला हललं. त्या काळी घरात मूल हट्ट करायला लागलं की आई म्हणायची, "आल्तिनार धाडटलें तुका." मी तिथे काम करते हे माझ्या सासरी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या जुन्या हॉस्पिटलला आबे फारियाचं नाव होतं हे नव्या मुलांना माहीत नसतं. जुन्या सचिवालयाच्या बाजूला ज्याचा पुतळा आहे, दोन्ही हात पुढे करून उभा, समोर बाई मागे झुकलेली, तो. १७५६ साली आपल्या कांदोळीला जन्मलेला माणूस, पॅरिसला जाऊन त्याने सांगितलं की संमोहनाची झोप झोपवणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या शक्तीने येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते. तेव्हा तिथे मोठमोठे लोक चुंबकाच्या गोष्टी करत होते. हे सांगणारा माणूस आपला, आणि आपण अजून विचारतो, कोणी करणी केली असेल याच्यावर.

बांबोळीला रोज काय बघायचे ते सांगते. मेडिकल कॉलेजच्या स्टॉपवर बसमधून उतरायचं, थोडा वेळ तिथेच घुटमळायचं, ओळखीचं कोणी नाही याची खात्री झाली की मग आमच्या फाटकाकडे चालायचं. कोणी दिसलंच तर सांगायचं, "गुडघा दाखवायला आलोय." एक बाई दर महिन्याला मुलासाठी औषध न्यायला यायची. फाइल पातळाच्या पदराखाली धरून. मी म्हटलं, बाई, पिशवी आणा एखादी. म्हणाली, "पिशवी बघून विचारतात, काय घेऊन आलीस." तो मुलगा अकाउंट्स शिकला, पुढे नोकरीला लागला, तरी शेवटपर्यंत फाइल पदराखालीच यायची.

आणि ते "भर स्टेजवर काही झालं तर". वेडा म्हणजे अंगावर येणार, ही भीती लोकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की काही विचारू नका. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्याला मारतात त्यापेक्षा स्वतः मार खातात, लुबाडली जातात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलेलं आहे. मी वॉर्डात नवीन पेशंट उतरवून घेताना अंगावरचे वळ बघितले आहेत. दोरीचे, काठीचे. विजेच्या शॉकच्या उपचाराचंही तसंच, सिनेमात दाखवतात तसं आता नसतं. भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ते करायला कायद्यानेच बंदी आहे.

---

सातेरीचा माणूस

थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी आमच्या गावच्या नाट्यमंडळात आहे. जत्रेचं नाटक म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पालखी देवळात परत गेली की पडदा वर जाणार, कधी कधी मध्यरात्र उलटते, संपेपर्यंत कोंबडा आरवतो. त्याआधी आठवडाभर रोज रात्रीच्या तालमी. बायपोलरमध्ये जागरण वाईट, हे मी स्वतः एका डॉक्टरांच्या भाषणात ऐकलं आहे. मग समितीने काळजी घेतली तर ती नुसता दुजाभाव कशी? उद्या खरंच त्याचा आजार उलटला तर हीच बहीण म्हणेल, तुम्ही माझ्या भावाला जागवलंत.

---

कुळागर

सातेरीचा माणूस, तुमचा मुद्दा बरोबर आहे. जागरणाने त्याचा आजार उचल खाऊ शकतो. हे आमच्या घरात तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, लग्नकार्यातसुद्धा तो अकराला उठून झोपायला जातो.

म्हणूनच भूमिका मिळाली तेव्हा तो आधी डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी सांगितलं, तालमीला रोज रात्री जाऊ नकोस, तुझे प्रवेश असतील तेव्हाच जा आणि दहाला घरी ये. प्रयोगाच्या दिवशी दुपारी झोप, दुसऱ्या दिवशी रजा टाक, झोप उडाली असं वाटलं तर लगेच ये. हे सगळं त्याने एका कागदावर लिहून काढलं होतं. तो कागद दाखवायची वेळच त्याच्यावर आली नाही, कारण त्याला कोणी विचारलंच नाही.

आमच्याच मंडळात एक काका आहेत, हृदयात स्टेंट घातलेले. त्यांच्यासाठी विंगेत खुर्ची असते, प्रवेश लागोपाठ येऊ नयेत म्हणून क्रम बदलला होता, गोळी कुठल्या खिशात आहे हे प्रॉम्प्टरलासुद्धा माहीत. त्यांना मंडळींनी आधी विचारलं, "काका, जमेल ना?" भर स्टेजवर काही होण्याची भीती तिथे नव्हती का?

---

सातेरीचा माणूस

हे पटलं. विचारायला हवं होतं.

---

औषधालय (मडगाव)

माझं फार्मसीचं दुकान आहे. या औषधांची गिऱ्हाइकं कशी येतात सांगतो. वास्कोचा माणूस मडगावला येतो, मडगावचा पणजीला जातो. आपल्या गल्लीतल्या दुकानात ही चिठ्ठी कोणी काढत नाही. पट्टी घेतली की खोका इथेच टाकून द्यायचा. एक बाई गोळ्या सोडवून कॅल्शियमच्या बाटलीत भरून घेते, कारण घरी सासू बाटल्या वाचते. मी नाही म्हणत नाही, पण हे धोक्याचं आहे. उद्या ती चक्कर येऊन पडली तर घरच्यांना कळणारही नाही की ती कशावर आहे.

लिथियम घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण लपवण्यामुळेच यात घोळ होतात. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आपण दुकानातून सहज घेतो. त्याने लिथियमचं रक्तातलं प्रमाण चढू शकतं. जुलाब, उलट्या होऊन पाणी कमी झालं, उन्हात खूप घाम गेला, कोणी प्रेशरसाठी मीठ एकदम तोडायला सांगितलं, तरी तसंच. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली की थेट डॉक्टर गाठायचा. फॅमिली डॉक्टरला लिथियम चालू आहे हे माहीत नसेल तर तो बिचारा काय करणार? आणि थायरॉइड व किडनीच्या तपासण्या अधूनमधून करायच्याच असतात.

"या गोळ्यांची सवय लागते" हे वाक्य मी दिवसभर ऐकतो. डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्या एकदम तोडल्या तर त्रास होतो, म्हणून हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने कमी करायच्या. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि लोक दहाव्या दिवशी बंद करून मोकळे होतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, अल्प्राझोलाम वगैरे. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की त्या गोळ्या लोक शेजाऱ्याकडून मागूनसुद्धा खातात, त्यांची लाज कोणाला वाटत नाही.

---

जुना सभासद

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. घरात दहा माणसं असायची, दुःख वाटून घ्यायची. आता मोबाइल, एकेकटी घरं, म्हणून ही डिप्रेशनची फॅशन.

---

आरोग्यकेंद्र

काका, आदर ठेवून सांगते, तेव्हाही होतं. माझी पणजी "वारं लागलं" म्हणून माजघरात बसवून ठेवलेली होती, मरेपर्यंत. दहा माणसांच्या घरात.

मी काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक होते. डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही नाही, प्रशिक्षण घेऊन लागले. तिथे येणारा कोणीही "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. म्हणतात, "न्हीद येना", "काळजांत धडधडटा", "अंगात जीव नाही". बायका पाठदुखी सांगतात. रक्त, ईसीजी, सगळं नॉर्मल. त्यावर डॉक्टरही म्हणतात, काही झालेलं नाही, घरी जा. मग आम्ही बसून विचारायचो, शेवटचं बाजाराला कधी गेला होता? पूर्वी संध्याकाळी काय करायचात? एक बाई अबोलीचे गजरे करायची ती कधीची बंद झाली होती. आठवड्यात एकदा गजरा करायचा, देवळात नेऊन द्यायचा, तिथे एका तरी माणसाशी बोलायचं, इतक्या बारीक पायरीपासून सुरुवात. सहा ते आठ भेटी. औषधाची गरज दिसली तर डॉक्टरांकडे.

ही पद्धत आपल्या गोव्यातच घडली. पर्वरीच्या 'संगत' संस्थेने इथल्या दहा आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तिची चाचणी घेतली, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या. तीन महिन्यांनी, ज्यांना असं समुपदेशन मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीच्या सुधारित उपचारावर असलेल्यांतले ३९ टक्के. ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, बाहेरच्या देशांतले लोक अभ्यासायला आले. आपल्या पंचायतीला मात्र पत्ता नाही.

फॅशनचं म्हणाल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली होती. दर शंभर प्रौढांत दहाहून जास्त जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना. फॅशन असती तर लोक उपचाराला आले असते हो.

---

डिचोलीकर

पुरुषांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमचा खाणपट्टा. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा घरोघर ट्रक उभे राहिले. मधे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. ज्याच्या दारात ट्रक तो गावात मोठा माणूस होता, त्याच्याच दारात बँकेचा माणूस यायला लागला. माझ्या चुलत्याने ट्रकच्या टायरात गवत वाढलेलं बघितलं आणि संध्याकाळी घरी यायचं बंद केलं. बारमध्ये बसायचा. रात्री चालत यायचा, कोणाशी बोलायचा नाही. आम्ही सगळे म्हणायचो, दारूने वाया गेला. तो झोपत नाही, जेवत नाही, जगून काय करायचं असं काकूला म्हणतो, हे काकूने कोणाला सांगितलं नाही.

आपल्याकडे पुरुषाने बारमध्ये बसलं तर चालतं. बांबोळीला जाऊन बसलं तर चालत नाही. कुठल्याही गावात बघा, मनाने खचलेला पुरुष हा "बेवडा" या नावाखाली खपून जातो आणि मग त्याच्यावर उपचार करायचाच विषय संपतो. नाटकातल्या दारुड्याबद्दल कुळागरताईंनी लिहिलं ते मला फार लागलं. माझा चुलता त्या पात्राला हसायचा नाही.

तो आज आहे. उपचाराला गेला, दारूचेही आणि मनाचेही. म्हणून लिहू शकलो.

---

मांडवीकाठ (वकील)

कायद्याचं थोडं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम ३: एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो कायद्याच्या दृष्टीने अस्थिरबुद्धीचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय.

गोव्यात याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे मुलांना वारशात सक्तीचा वाटा असतो, आईबापाला निम्म्यापेक्षा जास्त मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नाही. त्यामुळे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातून वारसांत वाटणी करायच्या वेळी घरातल्या प्रत्येकाची गरज लागते, आणि ज्याने कधीकाळी गोळ्या घेतल्या त्याच्याबद्दल भावंडं सहज म्हणून जातात, "त्याला काय कळतं, तो पिसो (वेडा)." हे नुसतं बोलणं नसतं, त्याच्यामागे घर, भाट, कुळागर असतं. अशा माणसाने घाबरून कुठेही सही करू नये. तुमची सही ही सहीच आहे.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेणारी घरं मी बघितली आहेत. कलम ११५ म्हणतं, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, खटला नाही, शिक्षा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम नाहीच. सरकारी नोकराला अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. तेव्हा माणूस आधी दवाखान्यात न्या.

आरोग्य विम्यातही शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजार धरायचा, असं याच कायद्यात आहे. क्लेम नाकारला तर सोडून देऊ नका.

---

पुण्यात_गोंयकार

लग्नाचं काय करायचं? माझी बहीण डिप्रेशनमधून बरी झाली आहे. आई म्हणते, स्थळाला सांगितलंस तर खबरदार.

---

औषधालय

लपवून लग्न लावलं की पहिली गोष्ट होते ती औषध बंद. मुलगी सासरी गोळी कुठे ठेवणार? मी असे संसार मोडलेले बघितले आहेत, आजाराने नाही, गोळी सुटल्याने. माझं मत, बोलणी पक्की व्हायच्या आधी बहिणीने स्वतः मुलाला सांगावं. आईने नाही, मध्यस्थाने तर मुळीच नाही. आणि जो ऐकून पळाला तो बरा गेला.

---

पुजारी

आमच्या घराण्याकडे देवळाची सेवा आहे. देवाला कौल लावायला येणाऱ्यांत अशी दुखणी पुष्कळ. माणूस देवाकडे येणारच, त्याला मी अडवणार नाही. पण प्रसाद देताना माझे वडील विचारायचे, "डॉक्टरला दाखवलंस?" नाही म्हटलं तर म्हणायचे, आधी दाखव, देव कुठे जात नाही. मीही तेच करतो. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या ठिकाणी आग लागली, साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत, जळून मेली. श्रद्धेच्या जागी माणूस बांधला जात असेल तर त्या जागेच्या माणसांनीच पुढे यायला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

---

निळा_दरवाजा

इथे आतापर्यंत बहीण, नर्स, वकील, पुतण्या बोलले. मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे. चाळिशी ओलांडली. उपचार चालू, घरच्या दुकानाचे हिशेब मी बघतो.

आवाज ऐकू यायचे तेव्हा लोक लांब राहिले हे मी समजू शकतो, मलाच भीती वाटायची. आता आवाज बहुतेक येत नाहीत आणि आले तर मला ते ओळखता येतात. पण बऱ्या झालेल्या माणसाशी कसं वागायचं हे अजून कोणाला जमलेलं नाही. घाऊक व्यापाऱ्याने माल कमी पाठवला, मी फोनवर आवाज चढवला. कोणीही चढवेल. फोन ठेवला तर मागून वहिनी, हळू आवाजात, "भावजी, सकाळची गोळी घेतली ना?" ती प्रेमाने विचारते. पण त्या दिवसापासून मी चिडायचंच सोडून दिलं आहे. हसायलासुद्धा बेताने हसतो. जास्त बोललो तरी बघतात, गप्प बसलो तरी बघतात. साधा कंटाळा यायचा हक्कसुद्धा मला उरलेला नाही.

लोक समजावतात, हा मधुमेहासारखाच आजार आहे, लाजायचं काय. चांगल्या मनाने म्हणतात. पण मधुमेहवाल्याने जमिनीच्या वाटणीत मत दिलं तर कोणी त्याची साखर विचारत नाही. माझं मत मात्र आधी आजाराच्या खात्यात जमा होतं. मला गोळ्यांचा त्रास नाही, वजन वाढलं तेही चालवून घेतलं. मी बोललेलं वाक्य ते वाक्य म्हणून कोणी ऐकावं, एवढंच मला पाहिजे.

कुळागर, भावाला म्हणावं तो कागद घेऊन स्वतः समितीत जा. तू नको जाऊस.

---

कुळागर

निळा_दरवाजा, भावाने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, आईलाही. आई काही बोलली नाही, पण रात्री त्याला गोळीचं विचारायला नेहमीसारखी गेली नाही. त्याने घेतली आणि स्वतः येऊन सांगितलं.

तो रविवारी बैठकीला जातो आहे, एकटा. भूमिका परत मिळेल असं त्याला वाटत नाही, तालमी बऱ्याच पुढे गेल्यात, आणि ज्याला मिळाली तो त्याचा मित्र आहे. त्याला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पुढच्या वर्षी कोणाच्याही तब्येतीबद्दल समितीला शंका असेल तर त्या माणसाला बोलवून विचारायचं, बापाला नाही. आणि त्या कोटवाल्या पात्राचे प्रवेश गाळावेत. ते गाळल्याने कथानक कुठेही अडत नाही, त्याने संहिता काढून खुणा करून ठेवल्या आहेत. दुसऱ्या मागणीवर जोरात वाद होणार, कारण ते काम करणारा मुलगा गावचा लाडका आहे.

---

सातेरीचा माणूस

आमच्याकडेही संहिता निवडायची वेळ आली आहे. त्या खुणा केलेल्या पानांचे फोटो मला पाठवाल का? आमच्या नाटकातही असं पात्र आहे, मी उद्याच्या तालमीत विषय काढतो.

---

नवीन_सदस्य (सत्तरी)

मी आज नोंदणी केली. आमची आई बाबा गेल्यापासून झोपत नाही. रात्री दार उघडून बसते, शेजारी आपल्या विहिरीत काहीतरी टाकतात म्हणते, पाणी पीत नाही. वाळपईला दाखवलं तर बांबोळीला न्या म्हणाले. ती यायला तयार नाही आणि भाऊ म्हणतो गावात कळेल. काय करू?

---

बकुळ

बाळा, घाबरू नकोस, हे बरं होणारं दुखणं असू शकतं. पाणी पीत नाही ही मात्र आजची गोष्ट आहे, उद्यावर टाकू नकोस. तिच्यासमोर सीलबंद बाटली फोडून दे, तू आधी पी. विहिरीवरून वाद घालू नकोस, खोटा होकारही देऊ नकोस, "तुला भीती वाटते ना, मी आहे" एवढंच. तरीही पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल, ग्लानी येत असेल, तर वाट न बघता जवळच्या सरकारी दवाखान्यात ने.

आत्ता लगेच १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिला कसं आणायचं ते तेही सांगतील. झोप लागत नाही त्याचं औषध घ्यायला जाऊ, असं सांग. ते खरंच आहे. येताना आधीचे सगळे कागद, प्रेशर-साखरेच्या गोळ्या असतील तर पट्ट्यांसकट, आणि केव्हापासून काय काय झालं ते तारखांसह लिहून आण, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. सकाळी लवकर निघा. माझा नंबर तुला व्यक्तिगत निरोपात पाठवते आहे, बांबोळीला पोचल्यावर फोन कर, मी फाटकावर येते.